सोडणाऱ्यांची संगत

महाराष्ट्रात दारूची सुरुवात बहुधा संगतीत होते, पण ती सोडण्याचे काम माणसाने एकट्याने पार पाडावे अशी सर्वांची अपेक्षा असते. पगाराचा दिवस, गटारी अमावास्या, धुळवड, लग्नाची वरात, निवडणुकीचा हंगाम किंवा नुसतीच शनिवारची संध्याकाळ, यांपैकी कोणतेही निमित्त पुरते. ‘आज बसायचे का?’ एवढ्या प्रश्नावर चार जण जमतात, चकणा कोणी आणायचा आणि पैसे कोणी द्यायचे हे न बोलता ठरते, आणि नव्या माणसाला त्यात सामावून घेण्याची रीत इतकी मुरलेली असते की तिची कोणाला जाणीवही होत नाही. पुढे त्यांच्यातील एखाद्याचे पिणे हाताबाहेर गेले, की घरचे लोक त्याला देवापुढे शपथ घ्यायला लावतात, गळ्यात माळ घालतात, मनाचा निग्रह करायला सांगतात. पण त्यानंतर रोज संध्याकाळी सहा ते नऊ हा काळ त्याने कुठे आणि कोणाबरोबर काढावा, याचा विचार सहसा कोणी करीत नाही.

राम गणेश गडकरी यांच्या निधनानंतर १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या ‘एकच प्याला’ या नाटकात ही विषमता स्पष्ट दिसते. त्यात पिणाऱ्यांची ‘आर्यमदिरामंडळ’ नावाची रीतसर संस्था आहे आणि तळीरामासारखा उत्साही कार्यकर्ता तिच्यासाठी झटतो. नाटकाचा नायक सुधाकर मध्यंतरी दारू सोडतोही, परंतु काम मिळवण्यासाठी ओळखीच्या लोकांकडे गेल्यावर वाट्याला आलेली अवहेलना त्याला पुन्हा प्याल्याकडे लोटते, आणि त्या थोड्या दिवसांत त्याच्या शेजारी बसणारा, स्वतः पिणे सोडलेला असा एकही माणूस त्याला भेटत नाही. सोडणाऱ्यांचे मंडळ त्या नाटकात नाही, कारण ते त्या काळच्या मराठी समाजातच नव्हते. आज ते आहे. मुंबई, पुणे, गोवा आणि अनेक जिल्ह्यांच्या ठिकाणी ते आठवड्यातून कित्येकदा भरते, तेथे प्रवेशशुल्क नसते आणि नावनोंदणीही नसते. तरीही ज्याला त्याची सर्वाधिक गरज आहे त्याच्यापर्यंत त्याचा पत्ता पोहोचत नाही, आणि पत्ता पोहोचला तरी पाय तिकडे वळत नाहीत.

ही दरी किती रुंद आहे हे केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्स या संस्थेने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी सर्वेक्षणातून दिसते. १० ते ७५ या वयोगटातील सुमारे १६ कोटी भारतीय मद्यपान करतात आणि त्यांपैकी सुमारे ५ कोटी ७० लाख लोकांना पिण्यामुळे उद्भवलेल्या त्रासासाठी मदतीची गरज आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. त्याहून अस्वस्थ करणारा आकडा उपचारांचा आहे: मद्यावलंबन जडलेल्या दर ३८ जणांपैकी एकालाच कोणत्याही प्रकारची मदत मिळालेली आढळली, आणि रुग्णालयात दाखल होऊन उपचार घेतलेला माणूस तर १८० जणांमागे एक निघाला. मद्यावलंबन म्हणजे निव्वळ भरपूर पिणे नव्हे. पिण्याची अनिवार ओढ, एकदा सुरू केल्यावर थांबता न येणे, तोच परिणाम साधण्यासाठी प्रमाण वाढवीत जावे लागणे, न प्यायल्यास शरीराने बंड पुकारणे आणि नोकरी, संसार, प्रकृती यांची हानी डोळ्यांसमोर दिसत असूनही पिणे चालूच राहणे, अशा लक्षणांचा तो समुच्चय आहे. आजार म्हणून त्याची ओळख वैद्यकाला बरीच उशिरा पटली. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने त्याला आजार मानले ते १९५६ साली, आणि भारतात २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मद्य व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित अवस्थांचा मानसिक आजाराच्या व्याख्येत समावेश केला. कायद्याने मान्य केलेली ही गोष्ट घराघरांत मात्र अजून चारित्र्याचा दोष म्हणूनच बोलली जाते.

पिणाऱ्याला पिणाऱ्यानेच आधार द्यावा, या कल्पनेच्या आजच्या रूपाचा उगम एका शोधात आहे, आणि तो शोध समूहाचा नव्हता, एका माणसाचा होता. न्यूयॉर्कमध्ये शेअरबाजारात काम करणारा बिल विल्सन १९३५ च्या मे महिन्यात एका व्यवहारासाठी ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन या शहरात आला होता. दारू सोडून त्याला पाच महिने झाले होते. व्यवहार फिसकटला, सोबतचे लोक परतले, खिसा जवळजवळ रिकामा होता, आणि शनिवारी संध्याकाळी मेफ्लॉवर हॉटेलच्या दिवाणखान्यात तो एकटाच येरझाऱ्या घालीत होता. एका बाजूला हॉटेलचा बार होता आणि दुसऱ्या बाजूला शहरातील चर्चची यादी लावलेला फलक. आपण आता बारमध्ये शिरणार हे त्याला कळून चुकले होते. तेव्हा त्याने त्या यादीतील एका धर्मगुरूला दूरध्वनी केला आणि आपल्याला बोलण्यासाठी एखादा मद्यपी हवा आहे, अशी विनंती केली. एकाकडून दुसऱ्याकडे असे करीत तो हेन्रिएटा सायबर्लिंग या बाईंपर्यंत पोहोचला, आणि दुसऱ्या दिवशी, १२ मे रोजी, त्यांच्या घरी त्याची गाठ डॉ. बॉब स्मिथ या शल्यविशारदाशी पडली. अनेक उपाय करून हरलेले डॉक्टर जेमतेम पंधरा मिनिटे थांबण्याच्या अटीवर आले होते. ते तासन्‌तास बसले, कारण समोरचा माणूस त्यांना उपदेश करीत नव्हता, तो स्वतःच्या पिण्याविषयी बोलत होता आणि त्याला स्वतःलाच या बोलण्याची गरज होती. डॉ. बॉब यांनी शेवटचा घोट घेतला तो १० जून १९३५ रोजी, आणि तोच दिवस ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ म्हणजे आपल्याकडे सर्रास ‘ए. ए.’ या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या बंधुसंघाचा स्थापनादिन मानला जातो.

या घटनेतील महत्त्वाचा भाग पुष्कळदा नजरेतून निसटतो. विल्सनने त्या संध्याकाळी दूरध्वनी केला तो दुसऱ्याला वाचवण्यासाठी नव्हे, स्वतः वाचण्यासाठी केला होता. मदत देणारा आणि घेणारा अशी दोन पातळ्यांची रचना, जी रुग्णालयात, देवळात आणि समाजकार्यात सहजच तयार होते, ती येथे मुळातच नव्हती. अ‍ॅक्रनच्या रुग्णालयात खाटेवर पडलेल्या तिसऱ्या माणसाकडे हे दोघे जून महिन्यात गेले तेव्हाही त्यांची भूमिका हीच होती. १९३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि समूहात ‘बिग बुक’ म्हणूनच ओळखल्या जाणाऱ्या ग्रंथात या अनुभवाला बारा पायऱ्यांचे रूप देण्यात आले. दारूपुढे आपले काही चालत नाही ही कबुली, आपल्याहून मोठ्या शक्तीवर विश्वास, स्वतःच्या वागण्याचा लेखी झाडा, ज्यांचे नुकसान केले त्यांची भरपाई, आणि हा मार्ग दुसऱ्या मद्यपीपर्यंत नेणे, असा त्या पायऱ्यांचा साधारण क्रम आहे.

पायऱ्या व्यक्तीसाठी आहेत, तर समूहाने कसे वागावे हे सांगणाऱ्या बारा परंपरा १९५० साली क्लीव्हलँड येथील अधिवेशनात स्वीकारल्या गेल्या, आणि त्यांच्यामागे एका जुन्या अपयशाची आठवण होती. १८४० साली बाल्टिमोरच्या एका गुत्त्यात पिणाऱ्या सहा मित्रांनी सुरू केलेली ‘वॉशिंग्टोनियन’ चळवळ अशाच परस्परआधारावर झपाट्याने वाढली, पण दारूबंदीच्या राजकारणात आणि मतामतांच्या गलबल्यात ओढली जाऊन काही वर्षांतच विरली. त्यामुळे ए. ए. ने कोणत्याही वादात बाजू घ्यायची नाही, दारूबंदीच्या बाजूने नाही आणि विरोधातही नाही, बाहेरची देणगी घ्यायची नाही, आणि सभासदत्वासाठी दारू सोडण्याच्या इच्छेखेरीज कोणतीही अट घालायची नाही, असे ठरवले. पैशाबाबतचा कटाक्ष त्याआधीच दिसला होता: १९३८ साली धनाढ्य जॉन डी. रॉकफेलर (धाकटे) यांनी पाच हजार डॉलर देऊन त्याहून अधिक देण्यास नकार दिला, कारण पैशाने हे काम बिघडेल असे त्यांचे मत होते, आणि हातात पैसा नसलेल्या त्या मंडळींनाही ते पुढे पटले.

भारतात हा समूह १९५७ साली मुंबईत रुजला आणि सुरुवातीची बरीच वर्षे त्याचा वावर इंग्रजी बोलणाऱ्या वस्त्यांत, चर्चच्या आवारांत राहिला. वांद्र्याच्या चर्चच्या आवारातूनच फादर जो परेरा यांचे ‘कृपा फाउंडेशन’ १९८१ मध्ये उभे राहिले, आणि त्यांनी बारा पायऱ्यांना अय्यंगार पद्धतीच्या योगाची जोड दिली. मराठी मध्यमवर्गाच्या जाणिवेत व्यसनमुक्ती हा शब्द रुजला तो मात्र १९८६ नंतर, जेव्हा डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या आर्थिक पाठबळावर पुण्यातील येरवड्यात ‘मुक्तांगण’ सुरू केले. गर्द ओढणाऱ्या तरुणांसाठी उघडलेल्या या केंद्रात पुढे दारूचे रुग्ण मोठ्या संख्येने आले. येथे एक फरक नीट समजून घ्यायला हवा, कारण तो न कळल्याने बरीच कुटुंबे फसतात. व्यसनमुक्ती केंद्र म्हणजे काही आठवडे राहून उपचार घेण्याची जागा. तेथे डॉक्टर असतात, समुपदेशक असतात, दिनक्रम असतो आणि शुल्क असते. आधारगट म्हणजे उपचार नव्हे. तो केंद्रातून घरी परतल्यानंतरच्या पुढच्या वर्षांसाठी आहे, आणि पुष्कळांच्या बाबतीत केंद्रात न जाताही पुरेसा ठरतो. मुक्तांगणानेही बाहेर पडलेल्यांच्या पाठपुराव्यावर पहिल्यापासून भर दिला आहे, कारण नातेवाइकांना केंद्रातून बाहेर पडण्याचा दिवस शेवट वाटतो, आणि खरी कसोटी नेमकी त्याच संध्याकाळी सुरू होते.

समूह शोधायचा तर तो कोठे शोधावा, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही, आणि त्याचे एक कारण समूहाच्या स्वतःच्या तत्त्वातच आहे. प्रसिद्धी करायची नाही, आपल्या बदललेल्या आयुष्याकडे पाहून लोकांनी यावे, आणि वृत्तपत्रात वा पडद्यावर कोणाही सदस्याचे नाव वा चेहरा येऊ नये, असा परंपरांचा आग्रह आहे. या अनामिकतेमुळे बँकेचा व्यवस्थापक आणि हमाल शेजारी बसून सारख्याच मोकळेपणाने बोलू शकतात, हा तिचा लाभ थोर आहे. पण त्याची किंमत अशी, की बारची पाटी रात्रभर उजळलेली असते आणि समूहाची पाटी, असलीच तर, सभेच्या वेळेपुरती दाराला अडकवलेली असते. या रिकाम्या जागेत जाहिरात शिरते ती वेगळ्याच गोष्टीची. ‘पिणाऱ्याला न सांगता दारू सोडवा’ असे छातीठोकपणे सांगणारी पत्रके बसस्थानकांच्या भिंतींवर आणि लोकलच्या डब्यांत चिकटवलेली असतात, आणि त्यांतील पूड वा थेंब भाजीत, चहात मिसळून देणाऱ्या हताश बायकांची संख्या लहान नाही. अशा पुडीत काय असते ते घेणाऱ्याला कळत नाही, आणि काही घरांत तर डायसल्फिरमची गोळीच चोरून दिली जाते. डायसल्फिरम हे दारू पचवण्याच्या क्रियेत अडथळा आणणारे औषध आहे. ते घेतलेल्या माणसाने दारू प्यायली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, आणि हृदय कमकुवत असेल तर जीवही जाऊ शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि रुग्णाच्या संमतीने ते उपयोगी पडते. नकळत दिले तर तो विषप्रयोगच होय, मग देणाऱ्याचा हेतू कितीही मायेचा असो.

खरा पत्ता मिळवण्याचे मार्ग त्यामानाने साधे आहेत. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीसाठीची नि:शुल्क मदतवाहिनी १४४४६ या क्रमांकावर आहे, आणि मानसिक आरोग्यासाठी २०२२ साली सुरू झालेली ‘टेलि-मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर मिळते. जिल्हा रुग्णालयातील मनोविकार विभाग, व्यसनमुक्ती केंद्रांचे समुपदेशक आणि गोव्यात व मुंबईत ठिकठिकाणची चर्च यांना आसपासच्या सभांची माहिती बहुधा असते. ए. ए. च्या भारतातील कार्यालयाच्या संकेतस्थळावर सभांची सूची पाहता येते, आणि तिच्यात सभेची भाषा कोणती हे आवर्जून पाहावे, कारण पिण्यामुळे झालेली फरफट परक्या भाषेत सांगता येत नाही.

त्याआधी एक वैद्यकीय खबरदारी घ्यावी लागते. रोज भरपूर पिणाऱ्याने एका रात्रीत दारू तोडणे धोक्याचे असते. वर्षानुवर्षे दारूने मेंदू दडपला गेल्यामुळे तो स्वतःला सतत चेतवलेल्या स्थितीत ठेवायला शिकतो, आणि दारू अचानक बंद झाली की ती चेतना अनावर होते. हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दोन ते चार दिवसांत काहींना वाताची अवस्था येते, ज्यात माणूस भिंतीवर नसलेले किडे पाहतो, आपण कोठे आहोत हे विसरतो आणि उपचार न झाल्यास दगावू शकतो. याला विगमलक्षणे म्हणतात. योग्य औषधे आणि ब-१ जीवनसत्त्व देऊन डॉक्टर ही स्थिती सुरक्षितपणे पार करवतात, आणि ज्याने पूर्वी कधी दारू सोडताना फिट अनुभवली आहे त्याने तर डॉक्टरांवाचून हा प्रयत्न करूच नये. घरात कोंडून ठेवून दारू सोडवण्याचा प्रकार शौर्याचा मानला जातो. तो जिवावर बेतणारा आहे.

आता सभा. महाराष्ट्रातील पुष्कळ सभा महानगरपालिकेच्या किंवा खासगी शाळेच्या वर्गात, शाळा सुटल्यावर, संध्याकाळी भरतात, आणि ही वेळ योगायोगाने निवडलेली नसते. ज्या तासाला पाय गुत्त्याकडे वळतात, तोच तास सभेने व्यापलेला असतो. लहान मुलांच्या बाकांवर गुडघे मुडपून मोठी माणसे बसतात. फळ्यावर दुपारचा गणिताचा तास अर्धवट पुसलेला असतो, त्याच्या कडेला ‘फक्त आजचा दिवस’ असे लिहिलेला कापडी फलक टांगला जातो, टेबलावर पुस्तिका मांडल्या जातात आणि कोपऱ्यात चहाचा थर्मास असतो. सभा चालवणारा त्या दिवसापुरता असतो. तो समूहाची प्रस्तावना वाचतो, कोणी प्रथमच आले आहे का असे विचारतो, आणि नवागताने काही बोलावे अशी सक्ती कोणी करीत नाही. मग एकेक जण उठतो, केवळ पहिले नाव सांगतो, आपण मद्यपी आहोत असे म्हणतो, आणि बाकीचे त्याला नावाने नमस्कार करतात. बोलण्याचा विषय एकच असतो: पिताना काय झाले, थांबणे कसे घडले, आणि आज कसे चालले आहे. कोणाच्या बोलण्यात मुलीच्या शाळेच्या फीचे पैसे येतात, कोणाच्या बोलण्यात बापाच्या दहाव्याला नशेत गेल्याची शरम, कोणाच्या बोलण्यात नुकतीच परत मिळालेली घराची किल्ली.

या बोलण्याला उत्तर दिले जात नाही, आणि सभेची सगळी ताकद या नियमात आहे. कोणी मध्ये बोलत नाही, ‘असे करायला हवे होते’ असे कोणी सुचवत नाही, चूक दाखवीत नाही. ऐकून घेतले जाते आणि पुढचा माणूस स्वतःविषयी बोलू लागतो. दारू पिणाऱ्या माणसाने आयुष्यात जेवढा उपदेश ऐकलेला असतो तेवढा क्वचितच दुसऱ्या कोणी ऐकला असेल. बायकोचा, आईचा, साहेबाचा, पोलिसाचा आणि शेवटी स्वतःच्याच मनाचा. उपदेशाविना तासभर बसण्याची ही बहुधा त्याच्या आयुष्यातील पहिलीच वेळ असते, आणि समोरच्या अनोळखी माणसाच्या तोंडून आपलीच लपवालपवी, मोरीत दडवलेली बाटली आणि सकाळी चहाचा कप दोन हातांनी धरण्याची युक्ती ऐकताना, आपण जगावेगळे वाईट नाही, हे त्याला प्रथमच उमगते. सभा संपत आली की एक पिशवी फिरते. ज्याला जमेल त्याने दहा-वीस रुपये टाकावेत, नवागताने टाकू नयेत, असा संकेत आहे. शेवटी सगळे उभे राहून एकमेकांचे हात धरतात आणि एक छोटी प्रार्थना म्हणतात.

सभा दोन प्रकारच्या असतात. खुल्या सभेत नातेवाईक, विद्यार्थी, डॉक्टर कोणीही बसू शकतो. बंद सभा फक्त मद्यपींसाठी असते. पत्नीने किंवा मुलाने सोबत जायचे असल्यास पहिल्यांदा खुली सभा निवडावी. नव्या माणसाला पहिल्या नव्वद दिवसांत नव्वद सभा कराव्यात असे जुने सदस्य सुचवतात, आणि हा आकडा ऐकून तो घाबरला, तरी त्यामागचा हिशेब रोज रिकामा पडणाऱ्या संध्याकाळचा आहे. एखादा अनुभवी सदस्य ‘स्पॉन्सर’ म्हणून निवडला जातो, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेवर सोबत करणारा, ज्याला रात्री अकरा वाजताही फोन करता येतो; पुरुषाने पुरुष आणि स्त्रीने स्त्री निवडावी हा संकेत पाळला जातो. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार अवस्थांत ओढ अधिक लागते, म्हणून या चारही अवस्था ओळखायला नव्या माणसाला शिकवले जाते. दारू सोडल्याला वर्ष झाले की ‘बर्थडे’ साजरा होतो. केक असतो, आणि त्या दिवशी पत्नी, मुले किंवा आई यांनाही बोलायला सांगितले जाते.

या सगळ्याचा उपयोग होतो का, हा प्रश्न श्रद्धेवर सोडण्याचे कारण उरलेले नाही. केली, हम्फ्रीज आणि फेरी यांनी कॉक्रेन या वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या संस्थेसाठी २०२० साली केलेल्या आढाव्यात २७ अभ्यास आणि १० हजार ५६५ रुग्ण समाविष्ट होते, आणि समूहाकडे पद्धतशीरपणे जोडून देणारे उपचार घेतलेल्यांपैकी ४२ टक्के लोक वर्षाच्या शेवटी पूर्णपणे दारूमुक्त होते, तर इतर उपचारांत हे प्रमाण ३५ टक्के होते. हा फरक चमत्कार नव्हे आणि यातील बहुतेक अभ्यास पाश्चात्त्य आहेत. पण इतर उपचारांना पैसे पडतात आणि समूह मोफत असतो हे लक्षात घेता तो लहानही नाही. या आढाव्यातील कळीचा भाग ‘जोडून देणे’ हा आहे, आणि त्यावर सिसन व मॅलम्स यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेला एक छोटासा अभ्यास अजूनही प्रकाश टाकतो. २० रुग्णांपैकी निम्म्यांना समूहाची माहिती आणि पत्ता देऊन जाण्याचा सल्ला देण्यात आला. उरलेल्या निम्म्यांसाठी समुपदेशकाने त्यांच्यासमोरच एका सदस्याला दूरध्वनी लावला, त्यांचे बोलणे घडवून आणले आणि त्या सदस्याने त्यांना सोबत नेण्याची तयारी दाखवली. दुसऱ्या गटातील सगळे सभेला गेले. पहिल्या गटातील एकही गेला नाही. २० जणांच्या अभ्यासावर फार मोठी इमारत उभारू नये हे खरे, पण त्याची दिशा अनुभवाशी इतकी जुळते की प्रत्येक डॉक्टरने ती ध्यानात ठेवावी. पिणाऱ्याला गुत्त्यात कोणीतरी हाताला धरून नेलेले असते. सभेलाही त्याला कोणीतरी तसेच न्यावे लागते. चिठ्ठीवर पत्ता लिहून देणे ही मदत नव्हे.

मर्यादाही आहेत, आणि त्या लपवल्याने समूहाचे भले होत नाही. पायऱ्यांतील ईश्वराचा उल्लेख अनेक नास्तिकांना आणि विवेकवाद्यांना खटकतो; ‘आपल्याला जशी समजली तशी उच्चशक्ती’ अशी मोकळीक दिलेली असली आणि काही जण समूहालाच ती शक्ती मानत असले, तरी ज्याला ते रुचत नाही त्याने समुपदेशनाचा मार्ग धरणे योग्य. गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेने प्रशिक्षित केलेल्या, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या समुपदेशकांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत दिलेल्या संक्षिप्त समुपदेशनाचा उपयोग २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आला आहे. स्त्रियांची अडचण त्याहून खोल आहे. एम्सच्या उपरोक्त सर्वेक्षणात पिणाऱ्या पुरुषांचे प्रमाण सुमारे २७ टक्के आणि स्त्रियांचे दोन टक्क्यांहूनही कमी आढळले, त्यामुळे बहुतेक सभा पुरुषांनी भरलेल्या असतात, आणि पिणाऱ्या स्त्रीला त्या खोलीत शिरताना आजाराबरोबर बदनामीचीही भीती वाहावी लागते. मुक्तांगणाने स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा स्वतंत्र विभाग काढला तो यामुळेच. २०२० च्या टाळेबंदीत सभा मोबाइलवर भरू लागल्या, आणि पुढेही चालू राहिलेल्या या ऑनलाइन सभांमुळे घराबाहेर न पडता येणाऱ्या स्त्रीला, तसेच परदेशी एकाकी राहणाऱ्या मराठी माणसाला आपल्या भाषेत बोलण्याची एक वाट मिळाली.

पिणाऱ्याच्या घरच्यांसाठी वेगळा समूह आहे आणि त्याची माहिती आणखी कमी लोकांना असते. बिल विल्सनची पत्नी लोइस हिने १९५१ मध्ये ‘अल-अनॉन’ सुरू केला. नवरा पितो याला बायको जबाबदार नाही, ती त्याला थांबवू शकत नाही, आणि तो थांबेपर्यंत तिने स्वतःचे जगणे स्थगित ठेवू नये, ही त्याची शिकवण मराठी घरात बंडखोर ठरते, कारण येथे ‘एकच प्याला’मधील सुधाकरच्या बायकोच्या, सिंधूच्या, सोसण्याला पुण्य मानण्याची सवय आहे. साहेबाला आजारपणाचे खोटे निरोप पाठवणारी, गुत्तेवाल्याची उधारी चुकवणारी आणि पडलेल्या नवऱ्याला शेजाऱ्यांच्या नजरेआडून आत आणणारी बायको प्रेमापोटीच हे सारे करते, परंतु त्यामुळे पिण्याचे परिणाम पिणाऱ्यापर्यंत पोहोचतच नाहीत. हे तिला दोष न देता सांगू शकतात त्या फक्त त्याच वाटेने गेलेल्या इतर बायका. मुक्तांगणातील पत्नींचा ‘सहचरी’ गट हेच काम करीत आला आहे.

ग्रामीण महाराष्ट्रात दारूविरुद्धचा लढा स्त्रियांनी मुख्यत्वे दुकानाविरुद्ध लढला. दुकान ठेवायचे की बंद करायचे हे ठरवणाऱ्या ‘उभी बाटली, आडवी बाटली’ या मतदानाने अनेक गावांतील दुकाने बंद पाडली आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. दुकान बंद होणे आवश्यकच असते, पण ज्याला अवलंबन जडले आहे तो दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावात किंवा हातभट्टीवर जातो, आणि त्याच्यासाठी गावात काहीच नसते. ही उणीव ओळखून डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने शासनाच्या सहकार्याने २०१६ पासून गडचिरोलीत ‘मुक्तिपथ’ चालवले, ज्यात गावपातळीवरील संघटनेबरोबर व्यसनींसाठी उपचार शिबिरेही आहेत.

घसरण होते, आणि तिची चर्चा समूहात उघडपणे केली जाते. तीन महिने, तीन वर्षे, कधी दहा वर्षे दारूला न शिवलेला माणूस एखाद्या लग्नात किंवा एखाद्या अंत्यविधीनंतर पितो, आणि मग लाजेने सभेला तोंड दाखवत नाही. हीच लाज त्याला एका प्याल्यापासून जुन्या अवस्थेपर्यंत नेते. जुने सदस्य अशा वेळी त्याच्या घरी जातात, त्याने परत येऊन पहिल्या दिवसापासून मोजायला सुरुवात केली की त्याच टाळ्या वाजवतात, आणि कोणताही हजेरीपट नसल्यामुळे त्याचे नाव कोठून कापलेही गेलेले नसते. सणासुदीच्या दिवसांत ही जोखीम वाढते. म्हणून ३१ डिसेंबरच्या रात्री अनेक ठिकाणी समूहांच्या लांबलेल्या सभा चालतात, आणि दिवाळीच्या चार दिवसांतही नेहमीची सभा रद्द करू नये याबद्दल जुने सदस्य आग्रही असतात.

तालुक्याच्या गावात जवळ समूहच नसेल, तर तो सुरू करायला लागणारे भांडवल फार थोडे आहे. दोन किंवा तीन मद्यपी दारूमुक्त राहण्यासाठी एकत्र जमले की ते स्वतःला समूह म्हणवू शकतात, असे परंपराच सांगते. त्यांना नोंदणी नको, अध्यक्ष नको, उद्घाटन नको. कार्यालयाकडून पुस्तिका मागवता येतात आणि जवळच्या शहरातील जुने सदस्य पहिल्या काही सभांना येऊन बसतात. अडचण येते ती खोलीची, कारण एखाद्याच्या घरी भरणारी सभा घरच्यांच्या दबावाखाली येते, आणि देवळात भरली तर सगळ्या धर्मांच्या माणसांना तेथे मोकळे वाटत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेचे वर्ग पाच वाजल्यानंतर कुलूपबंद असतात. आठवड्यातील दोन संध्याकाळी त्यांतील एक वर्ग उघडून द्यायचा की नाही, हे शाळा व्यवस्थापन समिती आणि मुख्याध्यापक ठरवू शकतात. खोलीचे भाडे, विजेचा खर्च आणि सभेनंतरची झाडलोट समूह पिशवीत जमलेल्या पैशातून आणि स्वतःच्या हातांनी करतो.